आठ तासांचा कुकर, तेरा तासांचा दिवस

विरार फास्टमधून उतरल्यावर पहिला प्रश्न पडतो तो रिक्षाचा. दुसरा पडतो रिक्षात बसल्यावर, आणि तो रोज तोच असतो. जेवायला काय? घड्याळात साडेआठ होत आलेले. फ्रिजमध्ये अर्धा कोबी, तीन बटाटे, दोन गाजरं आणि रविवारी मोठ्या उत्साहाने आणलेलं सॉसेजचं पाकीट. म्हणजे सामान सगळं आहे, फक्त त्याचं जेवण करायला लागणारा एक तास नाही. मग मोबाइल निघतो, पार्सल येतं आणि कोबी आणखी एक दिवस म्हातारा होतो.

वसई, नालासोपारा, विरारमधल्या नोकरी करणाऱ्या बहुतेक जोडप्यांमध्ये एक अलिखित करार असतो. जो आधी घरी पोचेल त्याने कुकर लावायचा. ऐकायला एकदम फेअर! प्रत्यक्षात काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे. ‘तो’ आधी पोचला तर ‘तुझी वाट बघत होतो’ आणि ‘ती’ आधी पोचली तर पर्स खुर्चीवर, हात ओट्यावर. माझ्या एका मैत्रिणीचा हिशेब फार साधा आहे. तिला स्वयंपाकाचा कंटाळा नाही, रात्री पावणेनऊला उभं राहण्याचा कंटाळा आहे.

आजचा कॉलम तिच्यासाठी. विषय स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं. त्यात सॉसेज आणि भाज्या टाकायच्या, झाकण लावायचं आणि विसरून जायचं. निदान परदेशी रेसिपींमध्ये तरी असंच लिहिलेलं असतं. सकाळी आठला लावा, संध्याकाळी पाचला घरी या, गरमागरम डिनर तयार! वाचून बरं वाटतं. पण पाचला घरी? बॉस, पाचला आपण ऑफिसात चहाची वाट बघत असतो.

मंद आचेचा फंडा

आधी यंत्र समजून घेऊ. बाहेर धातूचं कवच, त्यात कडेने गुंडाळलेली तापणारी तार, आत जाड चिनी मातीचं भांडं आणि वर काचेचं झाकण. बस, एवढंच. वीज खातं साधारण दीडशे ते तीनशे वॉट. दोनशे वॉटचा कुकर आठ तास चालला तर १.६ युनिट होतात. तुमच्या बिलावरचा दर लावून बघा, एका पार्सलच्या डिलिव्हरी चार्जशी तुलना करा आणि मग बोलू.

‘लो’ आणि ‘हाय’ यांत एक गंमत आहे. दोन्हींवर भांडं शेवटी जवळपास उकळीलाच पोचतं. फरक असतो तो तिथे पोचायला लागणाऱ्या वेळात. म्हणून ‘हाय’वर चार तासांत होणारा पदार्थ ‘लो’वर सात-आठ तास घेतो. शिजताना झाकण उघडून डोकावू नका. दर वेळी वाफ जाते आणि वीसेक मिनिटं वाढतात.

ही आयडिया अमेरिकेत आली ती अर्विंग नॅक्सन या संशोधकामुळे. लिथुआनियातल्या ज्यू घरांत शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत चोलंट नावाची हंडी बेकरीच्या भट्टीत ठेवत, कारण शनिवारी चूल पेटवायची नाही. ही गोष्ट त्याने आईकडून ऐकली होती. त्याला १९४० मध्ये पेटंट मिळालं. पुढे १९७० मध्ये रायव्हल कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला आणि १९७१ मध्ये तेच भांडं ‘क्रॉक-पॉट’ या नावाने बाजारात आणलं. ऑफिसला जाणाऱ्या बायकांनी ते उचलून धरलं.

आपण मागे होतो असं मुळीच नाही. बंगालमध्ये डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० मध्ये ‘इकमिक कुकर’ तयार केला होता. उभा डबा, तळाशी कोळसे, वर एकावर एक भात, डाळ, मटणाचे डबे. लावून कामाला जायचं आणि आल्यावर जेवायचं. मेसमध्ये राहणाऱ्या एकट्या पुरुषांची मोठीच सोय झाली.

गणित इथे चुकतं

आता आपला दिवस मांडू. सव्वासातला घर सोडलं. विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर. ऑफिस अंधेरीत असो की फोर्टात, रिक्षा, प्लॅटफॉर्म, गर्दीमुळे सोडून दिलेली एखादी गाडी हे सगळं धरून परत यायला सव्वाआठ. तेरा तास. आणि रेसिपी आठ तासांची. मधल्या पाच तासांचं काय करायचं, हे कुठलंही रेसिपी बुक सांगत नाही, कारण ती पुस्तकं विरारच्या माणसासाठी लिहिलेली नाहीत.

काही जण म्हणतात, टायमर लावू, कुकर दुपारी बाराला चालू होऊ दे. प्लीज, नको. सकाळी सातपासून बारापर्यंत कच्चं मांस आपल्या हवेत बाहेर पडून राहणार. साधारण पाच ते साठ अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू भराभर वाढतात आणि आपलं स्वयंपाकघर बारा महिने याच पट्ट्यात असतं. मांस बाहेर राहण्याची मर्यादा दोन तास, आणि उन्हाळ्यात पारा बत्तीसच्या वर गेला की एकच तास.

दुसरी अडचण लाइटची. पावसाळ्यात आपल्याकडे लाइट कशी जाते, ते मी काय सांगू? डिजिटल कुकर लाइट परत आल्यावर बहुतेकदा बंदच राहतो. साध्या बटणाचा पुन्हा चालू होतो, पण मध्ये किती वेळ थंड पडला होता ते कळत नाही. अशा वेळी नियम कडक आहे. घरी कोणी नव्हतं आणि लाइट किती वेळ गेली ते माहीत नाही, तर पदार्थ कितीही छान दिसला तरी टाकून द्यायचा. वासावरून ठरवू नका.

आणि तिसरा मार्ग, म्हणजे गॅस बारीक करून निघून जाणे, याचा विचारही करू नका. पेटता गॅस सोडून घराबाहेर पडायचं नसतं, पॉइंट.

मग मार्ग दोन उरतात.

पहिला, हिवाळ्यातला. ‘लो’वर दहा तास आणि नंतर आपोआप ‘वॉर्म’वर जाणारा डिजिटल कुकर घ्या. दहा तास शिजणं, तीन तास गरम राहणं, झाले तेरा. ‘वॉर्म’ मोड अन्न साठ अंशांच्या वर धरून ठेवतो, त्यामुळे तीन तास चालतात. मात्र ‘वॉर्म’वर कच्चं शिजवायला ठेवायचं नाही. शिवाय कुकर सपाट ओट्यावर, भिंतीपासून जरा दूर, वायर थेट सॉकेटमध्ये. एक्स्टेन्शन बोर्ड नको.

दुसरा मार्ग बाराही महिने चालतो आणि माझा आवडता आहे. कुकर तुम्ही नसताना लावूच नका, तुम्ही झोपलेले असताना लावा. रात्री दहाला ‘लो’, सकाळी सहाला बंद. बरोब्बर आठ तास! रेसिपी ज्या आठ तासांसाठी लिहिली आहे ते आपल्याकडे आहेत, फक्त दिवसा नाहीत. घरी कोणीतरी असतं आणि लाइट गेली तर पंखा बंद पडून कळतंच. सकाळी त्यातलंच डब्यात भरा. उरलेलं पसरट स्टीलच्या भांड्यात काढा, भांडं थंड पाण्याच्या परातीत ठेवा आणि निघायच्या आधी फ्रिजमध्ये टाका. रात्री आल्यावर गॅसवर चांगली उकळी येईपर्यंत दहा मिनिटं. तोवर तुमचं तोंड धुऊन, कपडे बदलून होतं.

आता सॉसेज

पाकिटातलं चिकन सॉसेज सगळ्यांना माहीत आहे. ते वाईट नाही, पण आठ तासांच्या शिजण्याला खरा उतरतो तो गोव्याचा चोरीस. पोर्क, लाल मिरची, लसूण, मसाले आणि व्हिनेगर भरून, दोऱ्याने गाठी मारून वाळवलेला. लाल मण्यांची माळच. आपल्याकडच्या कोल्ड स्टोरेजच्या दुकानांत चौकशी करा.

चोरीसचं मूळ पोर्तुगीज ‘शोरिसो’. आणि पोर्तुगीज म्हटल्यावर आपण वसईकरांनी कान टवकारायला हवेत. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई त्यांना दिली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. मधली दोनशे पाच वर्षं ते इथे होते. किल्ला आपण फोटोसाठी वापरतो, पण त्यांचा खरा मुक्काम आपल्या भांड्यात आहे. मिरची, बटाटा आणि टोमॅटो मूळचे अमेरिका खंडातले. मिरची तर पोर्तुगीज जहाजांतूनच इथे उतरली. बटाटा, कोबी, पाव हे शब्दही त्यांचेच. आणि हो, ‘पगार’सुद्धा! म्हणजे आजच्या हंडीतला निम्मा माल आणि तो विकत घ्यायचा पैसा, दोन्हींची नावं एकाच बोटीतून आली.

राहिली भाजी, ती मात्र अस्सल इथली. वसईच्या वाड्यांमधली भाजी मुंबईच्या बाजारांत नाव सांगून विकली जाते. टोपल्या घेऊन पहाटेच्या गाडीने निघणाऱ्या भाजीवाल्या आपण सगळ्यांनी पाहिल्यात. तीच भाजी मुंबईत घेऊन परत वसईला आणण्यापेक्षा शनिवारी सकाळी होळी बाजारात एक चक्कर मारा. वालपापडी, वांगी, मुळा, कच्ची केळी, जे ताजं असेल ते घ्या.

सॉसेज-भाजी हंडी
*(दोघांचं एक जेवण आणि दुसऱ्या दिवशीचे दोन डबे, साडेतीन लिटरचा कुकर)*

साहित्य: चोरीस पाव किलो, बटाटे तीन, गाजरं दोन, मोठे कांदे दोन, टोमॅटो दोन, कोबीचा पाव गड्डा, वालपापडी किंवा फरसबी दोन मुठी, लसूण सहा पाकळ्या, आल्याचा छोटा तुकडा, मिरपूड, पाणी एक कप. मीठ शेवटी, चव बघून.

१. चोरीसच्या गाठी सोडा, वरचं आवरण काढा आणि आतला मसाला-मांस तव्यावर पाच-सात मिनिटं परता. चरबी सुटेल. अर्धी काढून टाका, उरलेली हीच तुमची फोडणी. वेगळं तेल नको. चोरीस वाळवलेला असला तरी आतून कच्चा असतो, तो नीट शिजायलाच हवा.

२. बटाटे आणि गाजरं इंच-दीड इंचाचे मोठे तुकडे करून सगळ्यात खाली ठेवा. मंद आचेवर कंदमुळं मांसापेक्षा जास्त वेळ घेतात, म्हणून ती तळाशी, आचेजवळ. वर कांद्याच्या जाड चकत्या, लसूण, आलं, टोमॅटो.

३. त्यावर परतलेला चोरीस, मग पापडी आणि सगळ्यात वर कोबीच्या मोठ्या फोडी. पाणी एकच कप. झाकणाखाली वाफ कोंडून राहते आणि भाज्या स्वतःचं पाणी सोडतात. जास्त घातलंत तर सूप होईल.

४. भांडं निम्म्यापेक्षा जास्त आणि पाऊणपेक्षा कमी भरलेलं असावं. झाकण लावा. ‘लो’वर आठ तास.

५. बंद केल्यावर ढवळा, चव घ्या, मगच मीठ. चोरीसमध्ये मीठ आणि व्हिनेगर दोन्ही भरपूर असतं.

पावाबरोबर फर्स्ट क्लास लागते. भात चालतो आणि तांदळाची भाकरी असेल तर विचारूच नका.

पोर्क चालत नसेल तर चिकन सॉसेज घ्या, पण ते कापू नका. पाकिटातली बहुतेक सॉसेजं आधीच शिजवलेली असतात. तुकडे करून टाकलीत तर सकाळी त्यांचा भुगा मिळेल. अख्खी ठेवा, जरा तव्यावर लाल करा, सगळ्यात वर मांडा आणि वाढताना कापा. मसाल्यासाठी एक चमचा बॉटल मसाला आणि एक चमचा व्हिनेगर. आपल्याकडची ईस्ट इंडियन घरं एप्रिल-मेच्या उन्हात मिरच्या नि मसाले वाळवून, कुटून हा मसाला बाटल्यांत ठासून भरतात, म्हणून त्याचं नाव बॉटल मसाला. शेजारी चांगले असतील तर एक बाटली मागून बघा.

शाकाहारी मंडळींनी नाराज व्हायचं कारण नाही, कारण मंद आचेची हंडी ही वसई-पालघर पट्ट्यात मुळात तुमचीच. वाडवळ घरांतली हिवाळ्यातली उकडहंडी आठवा. पापडी, कोनफळ, रताळं, सुरण, कच्चं केळं, छोटी वांगी आणि खोबरं-लसूण-मिरची-कोथिंबिरीचं हिरवं वाटण. मडक्यात भरून मंद आचेवर, पाण्याचा जवळजवळ थेंब नाही. हेच सगळं स्लो कुकरमध्ये लावा, तेल थोडं सढळ घाला आणि सुरण खाजू नये म्हणून चिंचेचा कोळ विसरू नका. एक इशारा. राजमा घालायचा असेल तर भिजवून, ते पाणी फेकून, आधी गॅसवर निदान दहा मिनिटं खळखळून उकळा. कच्च्या राजम्यात विषारी घटक असतो आणि मंद आच त्याला पुरी पडत नाही.

घेण्याआधी

न्यू जर्सीतली मावशी ‘माझा जुना क्रॉक-पॉट घेऊन जा’ म्हणाली तर प्रेमाने नाही म्हणा. तिकडची वीज ११० ते १२० व्होल्टची, आपली २३०ची. लावल्या लावल्या तो जाईल आणि सोबत फ्यूजही नेईल. इथे ऑनलाइन स्लो कुकर मिळतात. काही इलेक्ट्रिक प्रेशर कुकरमध्येही ‘स्लो कुक’चं बटण असतं. घरी असा कुकर असेल तर नवीन काही घेऊ नका. तुमच्या राइस कुकरचं ‘वॉर्म’ बटण मात्र त्यासाठी नाही, ते फक्त गरम ठेवतं.

आतलं मातीचं भांडं भाज्या भरून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडगार भांडं तापलं की तडकू शकतं आणि आतलं अन्न गरम व्हायलाही फार वेळ लागतो. भाज्या चिरून एका डब्यात, सॉसेज दुसऱ्या डब्यात. फ्रीझरमधलं सॉसेज असेल तर आदल्या रात्रीच खालच्या कप्प्यात काढून ठेवा. गोठलेलं टाकायचं नाही.

चिरणार कोण?

हा खरा प्रश्न आहे आणि त्याला बटण नाही. आपल्या लाइनवर याचं उत्तर वर्षानुवर्षं बायकांच्या डब्यात मिळत आलंय. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली आणि १९९३ मध्ये ती विरारपर्यंत आली. त्या गाडीत मटार सोलले गेलेत, गवार मोडली गेलीय, मेथी निवडली गेलीय. बाहेरून पाहुणे पत्रकार येतात, याचे फोटो काढतात आणि ‘वा, काय स्पिरिट!’ म्हणतात. मीही त्या डब्यातून जाते. मला त्यात स्पिरिटपेक्षा हिशेब जास्त दिसतो. घरी पोचल्यावर वेळ मिळणार नाही आणि दुसरं कोणी करणार नाही, हे माहीत असलेली बाई गाडीतच पापडी मोडते. जनरल डब्यात कुणी पुरुष मेथी निवडताना मी अजून तरी ऐकलेलं नाही.

स्लो कुकर हे बदलणार नाही. पण तो एक गोष्ट करतो. कामाची वेळ पावणेनऊवरून साडेनऊवर नेतो, म्हणजे दोघंही घरी असतात तेव्हा. ‘जो आधी पोचेल त्याने’ हे कलमच बाद होतं. आता एकाने चिरायचं, दुसऱ्याने तव्यावर परतून भांडं भरायचं. पंधरा-वीस मिनिटं, दोघं उभे, कोणी दमून चिडलेलं नाही, कारण आजचं जेवण झालेलं आहे आणि ही तयारी उद्याची आहे. पोट भरलेलं असताना कांदा चिरणं आणि भुकेल्या पोटी चिरणं यात किती फरक आहे, ते करूनच बघा.

रोज नका करू, कंटाळाल. आठवड्यात दोन रात्री पुरे. सोमवारी आणि बुधवारी लावलंत तर मंगळवार आणि गुरुवारचे डबे आणि जेवणं दोन्ही सुटतात. शुक्रवारी पार्सल मागवा की, कोण अडवतंय? मैत्रिणीने महिनाभर हे केलं. ‘रात्री काय खाल्लंस?’ हे मी तिला विचारत नाही, ‘रात्री काय केलंस?’ विचारते. गेल्या मंगळवारी ती सव्वानऊला जेवून नवऱ्याबरोबर सोसायटीत चालायला गेली होती.

आणि हो, पहिल्या रात्रीसाठी एक टिप. स्वयंपाकघराचं दार लावून झोपा. पहाटे चारला लसूण आणि व्हिनेगरचा असा काही वास सुटतो की तुम्हाला जाग येईल, आणि पाव मात्र घरात नसेल.